गोष्ट सांगणारे खेळ

गोष्ट कोणाला आवडत नाही? लहानपणी दादीच्या किंवा नानीच्या कुशीत बसून तुम्ही राजाराणीच्या, परीच्या आणि जिनच्या गोष्टी ऐकल्या असतील. गोष्ट रंगात आली, की तुम्ही विचारत असाल, "मग पुढे काय झाले?" जुन्या काळी दिल्लीला जामा मशिदीच्या पायऱ्यांवर दास्तानगो दास्तान सांगत बसत. तेव्हा त्यांच्याभोवती जमलेले लोकही मनात हाच प्रश्न घेऊन बसलेले असत. गोष्ट ऐका, वाचा किंवा सिनेमात पाहा, प्रश्न तोच असतो.

आता असे समजा, की गोष्ट सांगणारा मध्येच थांबला आणि त्यानेच तुम्हाला विचारले, "आता तुम्ही काय कराल?" तुम्ही जे उत्तर द्याल त्याप्रमाणे गोष्ट पुढे जाईल. असे झाले तर तुम्ही किती जपून उत्तर द्याल! गोष्ट सांगणारे व्हिडिओ गेम नेमके हेच करतात. अशाच काही चांगल्या खेळांची ओळख आज आपण करून घेऊ.

व्हिडिओ गेम म्हटले, की घरातील वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. "वेळ वाया जातो, डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो," असे ती म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. कितीतरी खेळांत धावायचे, गोळ्या झाडायच्या आणि गुण मिळवायचे, याखेरीज काही नसते. दोन तास खेळून उठल्यावर मनात काहीच उरत नाही. पण सगळी पुस्तके जशी सारखी नसतात, तसे सगळे खेळही सारखे नसतात. चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते, हे ओळखता यायला हवे.

प्रथम या खेळांचा उगम पाहू. विल क्राउदर नावाचे एक अमेरिकन संगणकतज्ज्ञ होते. त्यांना गुहा धुंडाळण्याचा मोठा छंद होता. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचे नकाशे तयार करण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला होता. पुढे पतिपत्नी विभक्त झाले आणि मुली त्यांच्यापासून दुरावल्या. मुलींना आनंद वाटावा म्हणून १९७६ च्या सुमारास त्यांनी संगणकावर एक खेळ तयार केला. त्यात त्यांच्या आवडत्या गुहेचेच वर्णन होते. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्यात बरीच भर घातली. 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हे त्या खेळाचे नाव. त्यात एकही चित्र नव्हते! संगणक केवळ शब्दांत सांगे, की तुम्ही कोठे उभे आहात आणि समोर काय दिसते. खेळणाऱ्याने 'आत जा', 'दिवा घे' अशा अर्थाचे एकदोन शब्द लिहायचे. मग संगणक पुढची हकीकत सांगे. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या खेळांची सुरुवात झाली ती शब्दांतून, हे लक्षात ठेवा.

पुढे चित्रे आली, रंग आले, आवाज आला. १९८९ मध्ये जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ आला. अलिफ लैलाच्या कथांची त्याच्या मनावर छाप होती. याच मालिकेत २००३ मध्ये 'द सँड्स ऑफ टाइम' म्हणजे 'काळाची वाळू' हा खेळ निघाला. त्याची कथा मेकनर यांनीच लिहिली. कथा अशी आहे: इराणचा एक राजपुत्र आपल्या वडिलांबरोबर हिंदुस्थानातील एका महाराजावर स्वारी करतो. लुटीत त्याला एक अद्भुत खंजीर मिळतो. एका कपटी वजिराच्या बोलण्याला भुलून तो त्या खंजिराने मोठ्या घड्याळातील जादूची वाळू मोकळी करतो. क्षणात सारा महाल उजाड होतो आणि माणसे राक्षस बनतात. आपल्या हातून झालेला हा अनर्थ निस्तरण्यासाठी राजपुत्राची धडपड सुरू होते.

अलिफ लैलामध्ये शहरजाद जशी गोष्ट सांगते, तशी या खेळात राजपुत्र स्वतःच आपली कहाणी कोणाला तरी सांगत असतो. खेळताना आपण चुकलो आणि राजपुत्र दरीत पडला, तर तो लगेच म्हणतो, की छे, असे घडलेच नव्हते, मी पुन्हा सांगतो. किती गमतीची युक्ती आहे पाहा! इतर खेळांत हरणे म्हणजे केवळ हरणे असते. येथे तेसुद्धा गोष्टीचाच भाग होते. राजपुत्र ही कहाणी कोणाला सांगत आहे आणि का सांगत आहे, हे मात्र अगदी शेवटी कळते. ते मी येथे सांगत नाही.

आता दुसऱ्या प्रकारचा खेळ पाहू. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' ही कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. ती १८७३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिचा नायक फिलिअस फॉग पैज लावून लंडनहून निघतो आणि मुंबईवरून कोलकात्याला जातो. या कादंबरीवर इंग्लंडमधील इंकल या संस्थेने २०१४ मध्ये 'एटी डेज' हा खेळ काढला. त्याचे लेखन मुख्यतः मेग जयंत या लेखिकेने केले आहे. त्यात पाच लाखांहून अधिक शब्द आहेत. एका जाड कादंबरीत साधारणपणे एक ते दीड लाख शब्द असतात. यावरून हा खेळ म्हणजे केवढे वाचन आहे, याची कल्पना करा. 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने २०१४ सालचा सर्वांत उत्तम खेळ म्हणून त्याची निवड केली.

या खेळात तुम्ही फॉग साहेब नसता. तुम्ही त्यांचा नोकर पासपार्तू असता. सामान बांधणे, पैशांचा हिशेब ठेवणे, गाडी पकडणे आणि वाटेत भेटलेल्या माणसांशी बोलणे, ही सगळी कामे तुमची. कोणत्या शहरातून कोठे जायचे, हे तुम्हीच ठरवायचे. एका फेरीत जगातील थोडीच शहरे पाहून होतात, म्हणून माणूस पुन्हा नव्या वाटेने निघतो. व्हर्नच्या काळच्या युरोपीय लेखकांनी आशिया आणि आफ्रिकेतील माणसांना गोष्टीच्या कडेला उभे केले होते. या खेळाच्या लेखिकेने त्यांना मध्यभागी आणले. तेथे इंजिने बनवणाऱ्या, बंड करणाऱ्या, आपले स्वतःचे मत असणाऱ्या माणसांशी आपली गाठ पडते. जुनी गोष्ट नव्या नजरेने कशी सांगावी, याचा हा उत्तम नमुना आहे.

आतापर्यंतच्या गोष्टी कल्पनेतील होत्या. पुढची गोष्ट आपल्याच काळातील आहे. २०११ मध्ये सीरियात युद्ध पेटले आणि लाखो माणसांना घरदार सोडावे लागले. अशाच एका सीरियन तरुणीने प्रवासात आपल्या घरच्यांना मोबाइलवर पाठवलेले निरोप फ्रान्समधील 'ल मोंद' या वृत्तपत्राने छापले होते. त्यावरून स्फूर्ती घेऊन २०१७ मध्ये 'बरी मी, माय लव्ह' हा खेळ तयार झाला. नाव ऐकून दचकू नका. सीरियात निरोप देताना प्रेमाने जे बोलतात, त्याचाच तो इंग्रजी अनुवाद आहे. 'तुझ्या हातून माझे दफन होवो' असे त्याचे शब्द आहेत. त्यांचा भाव असा, की तू माझ्याआधी जाऊ नकोस. आपल्याकडे आई लेकराला "माझे आयुष्य तुला लाभो" म्हणते, तसेच हे आहे.

या खेळात नूर नावाची एक डॉक्टर होम्स शहरातून युरोपकडे निघते. तिचा नवरा माजद घरच्यांसाठी मागे राहतो. तुम्ही माजद असता. तुमच्यापुढे मोबाइलच्या पडद्यावर नूरचे निरोप येतात आणि तुम्हाला उत्तर द्यायचे असते. "या दलालावर विश्वास ठेवू का? बोटीत बसू का? की थांबू?" असे ती विचारते. तुम्ही दुरून सल्ला देता, पण तिच्याजवळ जाऊ शकत नाही. कधी कधी कित्येक तास तिचा निरोपच येत नाही. या खेळाचे एकोणीस वेगवेगळे शेवट आहेत. काही सुखाचे आहेत, काही फार दुःखाचे.

वर्तमानपत्रात आपण 'बोट बुडून इतके निर्वासित मृत्युमुखी' अशी बातमी वाचतो आणि पान उलटतो. हा खेळ खेळताना पान उलटता येत नाही. आपण दिलेल्या सल्ल्यामुळे नूर संकटात पडली, तर छातीत धस्स होते. एका आकड्यामागे एक माणूस असतो आणि त्याची कोणीतरी वाट पाहत असते, हे समजते. चांगल्या कथेचे काम याहून दुसरे काय आहे?

युद्धाचीच आणखी एक गोष्ट 'व्हॅलियंट हार्ट्स' या खेळात आहे. पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले. त्याला शंभर वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, फ्रान्समधील मोंपेलिए शहरात हा खेळ तयार झाला. त्या युद्धातील सैनिकांच्या पत्रांवरून त्याची कथा सुचली. एमिल हा म्हातारा फ्रेंच शेतकरी. त्याचा जावई कार्ल जर्मन आहे. युद्ध सुरू होताच कार्लला फ्रान्समधून घालवून देतात आणि तो जर्मन सैन्यात भरती होतो. इकडे एमिललाही फ्रेंच सैन्यात जावे लागते. सासरा आणि जावई समोरासमोरच्या सैन्यांत! मग शत्रू कोण आणि आपला कोण? या खेळात बंदूक घेऊन माणसे मारत सुटायचे नसते. वाट शोधायची, जखमींना मदत करायची, अडकलेल्यांना सोडवायचे, अशीच बरीच कामे असतात. पात्रे फारशी बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यावरच्या फुग्यांत चित्रे दिसतात. थोड्या रेषांत आणि थोड्या शब्दांत किती सांगता येते, ते येथे पाहावे.

त्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले होते, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. फ्रान्सच्या खंदकांतून त्यांनी घरी पाठवलेली कितीतरी पत्रे उर्दूत लिहिलेली होती. त्या पत्रांवर कोणी असा खेळ लिहिला तर? हे काम तुमच्यापैकी एखाद्याच्या हातून होऊ शकेल.

आता एक वेगळा खेळ. त्याचे नाव 'अंडरटेल'. २०१५ मध्ये टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने तो काढला. कथा, संगीत आणि बहुतेक सारी रचना त्याने एकट्याने केली. चित्रे अगदी साधी, जुन्या खेळांसारखी ठिपक्याठिपक्यांची आहेत. एक लहान मूल डोंगराच्या पोटात राक्षसांच्या देशात पडते. फार पूर्वी माणसांनी युद्धात हरवून या राक्षसांना तेथे कोंडून ठेवलेले असते. वाटेत राक्षस भेटतात. अशा वेळी बहुतेक खेळांत एकच उपाय असतो: मारा! येथे मात्र तुम्ही त्यांच्याशी बोलू शकता, त्यांना हसवू शकता आणि सोडून देऊ शकता. एकालाही न मारता खेळ पूर्ण करता येतो. ज्यांना तुम्ही सोडता, ते हळूहळू तुमचे मित्र होतात. मग कळते, की कोणी भित्रा आहे, कोणी प्रेमळ आहे, तर कोणाला स्वयंपाकाचे वेड आहे.

तुम्ही कोणाला मारले आणि मागाहून पश्चात्ताप होऊन खेळ मागे नेला, तरी या खेळाला ते आठवते. एक पात्र तुम्हाला तसे बोलूनही दाखवते. केलेले कर्म पुसून टाकता येत नाही, हा धडा उपदेशाचा एक शब्दही न वापरता येथे मिळतो.

गोष्टी भाषाही जपतात, बरे का! अमेरिकेच्या उत्तर टोकाला अलास्का हा बर्फाळ प्रदेश आहे. तेथे इनुपिआत नावाचे लोक राहतात. त्यांची भाषा बोलणारे आता थोडेच उरले आहेत. नवी पिढी आपल्या गोष्टी विसरत चालली, याची तेथील वडीलधाऱ्यांना काळजी वाटत होती. तेव्हा अलास्कातील मूलनिवासी लोकांच्या एका संस्थेने पुढाकार घेतला आणि २०१४ मध्ये 'नेव्हर अलोन' म्हणजे 'कधीच एकटे नाही' हा खेळ आला. न थांबणारे हिमवादळ कोठून येते, ते शोधायला निघालेली नूना ही मुलगी आणि तिचा सोबती पांढरा कोल्हा यांची ही कथा आहे. ती त्या लोकांच्या एका जुन्या लोककथेवर आधारलेली आहे. कथा लिहिताना गावातील वृद्धांना आणि कथेकऱ्यांना बरोबर घेतले होते. खेळभर एक वृद्ध आवाज इनुपिआत भाषेतच गोष्ट सांगत राहतो आणि खाली इंग्रजी शब्द येतात. मधूनमधून त्या लोकांच्या जीवनाचे छोटे माहितीपटही पाहायला मिळतात.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक प्रयत्न झाला आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेल्या राजी या मुलीची ही कथा आहे. त्यातील इमारती राजस्थानच्या किल्ल्यांची आणि महालांची आठवण करून देतात. काही प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवले आहेत. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, त्याच जातीचा हा प्रकार आहे. या खेळाची चित्रे फार सुंदर आहेत. मात्र कथेचा शेवट घाईने झाल्यासारखा वाटतो. बहीण भावासाठी सारे काही पणाला लावते, आणि शेवटी आपल्या मनाचे समाधान होत नाही. आपल्या मातीतील वस्तू म्हणून कौतुक जरूर करावे, पण उणीवही सांगावी. नाहीतर पुढची वस्तू अधिक चांगली कशी होणार?

इतके खेळ पाहिल्यावर चांगल्या कथेचा खेळ कसा ओळखावा, हे तुमच्या लक्षात आले असेल. तीन प्रश्न स्वतःला विचारा. पहिला: या खेळातील माणसे मला आठवतात का? त्यांना काय हवे आहे, कशाची भीती वाटते, हे मला सांगता येते का? दुसरा: मी जे ठरवले, त्यामुळे गोष्टीत खरोखर काही बदलले का? आणि ते ठरवताना मला विचार करावा लागला का? तिसरा: पडदा बंद केल्यावर मनात काय उरले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर त्या खेळात गोष्ट नव्हती, नुसती घाई होती.

काही पथ्येही पाळली पाहिजेत. खेळाच्या वेष्टनावर किंवा माहितीच्या पानावर वयाचा आकडा दिलेला असतो. युरोपात २००३ पासून ३, ७, १२, १६ आणि १८ असे आकडे देण्याची पद्धत आहे. आपले वय त्याहून कमी असेल, तर तो खेळ बाजूला ठेवा. घरी विचारल्याशिवाय मोबाइलवरून काही विकत घेऊ नका. वेळ ठरवा आणि ठरलेल्या वेळी उठा. गोष्ट चांगली असेल, तर ती उद्यापर्यंत तुमची वाट पाहील. यांतील बहुतेक खेळ इंग्रजीत वाचावे लागतात. म्हणून शब्दकोश जवळ ठेवा आणि अडलेला शब्द वहीत लिहून घ्या.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी संगणक नसेल. मोबाइल असला, तर तो अब्बांच्या खिशात असेल. म्हणून हिरमुसले होऊ नका. ही कला कागदावरही करता येते. चार-पाच मित्र किंवा मैत्रिणी मिळून एक गोष्ट लिहा. पहिल्या पानावर एक प्रसंग लिहा. समजा, शाळेच्या वाटेवर सलमाला पैशांचे पाकीट सापडले. त्याच वेळी शाळेची घंटा वाजली. आता सलमा काय करील? पाकीट घेऊन मागे पळत जाईल, तर दुसरे पान वाचा. आधी वर्गात जाईल, तर तिसरे पान वाचा. प्रत्येक पानावर पुन्हा एक निवड द्या आणि तिचा परिणाम लिहा. उर्दूत लिहा आणि मग मराठीतही लिहून पाहा. दहा पाने झाली, की वर्गात ती गोष्ट दुसऱ्या गटाला द्या. ते कोठे थांबतात, कोठे वाद घालतात आणि कोणते पान निवडतात, ते पाहा.

वाचणाऱ्याने पान उलटण्याआधी क्षणभर विचार केला, की तुमची गोष्ट जमली असे समजा.